हात खाली गेले की

माझा आवाज मोठा आहे. नाशिक-चांदवड गाडीला जो एकदा बसला त्याला हे वेगळं सांगायला नको. द्वारका चौकात गाडी लागली की आडगाव, ओझर, पिंपळगाव, वडाळीभोई, चांदवड अशी सगळी गावं मी एका दमात म्हणते आणि शेजारच्या रसवंतीचे घुंगरू ऐकू येईनासे होतात. कंडक्टरकीत चौदा वर्षं काढली. खिडकीच्या जागेवरून भांडणारे बागायतदार, दारातून न हलणारे कॉलेजकुमार, कांद्याची गोणी ‘ही काय लहानशी पिशवी’ म्हणत आत रेटणाऱ्या मावश्या, सगळ्यांना मी आवाजावरच सरळ केलं. आणि अशा माझ्या पोटी ऐकू न येणारी मुलगी आली. मला आधी रडू नाही आलं, राग आला. कोणाचा ते विचारू नका, ते मलाही माहीत नव्हतं.

ती दीड वर्षाची असताना आमच्या सिडकोतल्या गल्लीतून जयंतीची मिरवणूक गेली. डीजेने खिडकीच्या काचा थरथरत होत्या, मांडणीवरचे डबे सरकत होते, आणि ही खिडकीखाली पालथी पडून गाढ झोपलेली. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, किती गुणी पोर आहे, कशानेच उठत नाही. तिच्या कानापाशी जाऊन मी टाळी वाजवली, मग ताट वाजवलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून दवाखान्यात. तपासण्या झाल्या, दोन्ही कान गेलेले निघाले. मशीन लावल्यावर तिला आवाज झाला एवढं कळेल, कोण काय म्हणालं ते कळणार नाही, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मी नीट ऐकून घेतलं आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं. ओरडायला लागले. एवढ्या मोठ्या आवाजाची आई, तिचा आवाज पोरीपर्यंत पोचणार नाही हे मला मान्यच होईना. ‘पाणी! पाणी!’ म्हणून मी असं काही किंचाळायचे की वरच्या मजल्यावरची काकू बादली घेऊन खाली यायची.

बाई मला भेटल्या त्या दवाखान्यातच, तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर. ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला, आता निवृत्त होऊन घरी मुलं शिकवत होत्या आणि त्यातल्याच एकाला घेऊन आल्या होत्या. माझं ओरडणं त्यांनी थोडा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, तुम्ही ओरडता तेव्हा तुमचं तोंड वेडंवाकडं होतं, त्यामुळे तिला ओठांवरून जे काही कळलं असतं तेही कळत नाहीये. ओळख ना पाळख, आणि ही बया मला बोलायला शिकवणार! मी त्यांना चार शब्द सुनावले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, मी आता आवाज न काढता एक शब्द बोलते, ओळखा. त्या बोलल्या. मी म्हटलं, बाबा. त्या म्हणाल्या, मामा. परत बोलल्या. मी म्हटलं, मामा. या वेळी होतं बाबा. पाच वेळा झालं, त्यात माझं दोनदा बरोबर आलं. ओठ दोन्ही वेळा सारखेच मिटतात हो. तुम्ही आरशासमोर करून बघा.

सहाव्यांदा त्यांनी तोंडाबरोबर हातही उचलला. हनुवटीपाशी बोटांचा एक आकार केला तेव्हा म होता, दुसरा केला तेव्हा ब होता. बस, एवढंच. ओठांवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना हाताचे वेगवेगळे आकार, आणि आ, ई, ऊ अशा स्वरांसाठी हात चेहऱ्याजवळ कुठे न्यायचा त्या ठरलेल्या जागा. तोंडाने बोलायचं आणि त्याच वेळी एका हाताने ते दाखवत जायचं. ओठ आणि हात मिळून प्रत्येक अक्षर मुलाला डोळ्यांनी स्वच्छ दिसतं. याला क्यूड स्पीच म्हणतात असं बाईंनी सांगितलं. मराठीच्या अक्षरांना ती कशी बसवायची ते त्या शिकून आल्या होत्या. मी विचारलं, किती वर्षं लागतात? त्या म्हणाल्या, आकार आणि जागा चार-पाच रविवारांत पाठ होतात, मग बोलण्याचा वेग यायला सराव लागतो, तो तुमच्यावर आहे. मी म्हटलं, सराव माझ्यावर सोडा.

आणि मी केला. एका हातात तिकिटाचं मशीन असायचं, दुसरा मोकळा. तिकिटं संपली की आपल्या जागेवर बसून मी येणारं प्रत्येक गाव हाताने म्हणायचे. ओझर सोपं. पिंपळगाव बसवंतला आधी घाम फुटायचा. मी ‘पिं’वर असेपर्यंत गाडी टोलनाका ओलांडायची. हात सारखा गालाशी, हनुवटीशी, गळ्याशी जातोय हे बघून वडाळीभोईच्या एका म्हाताऱ्या बाबांनी न राहवून विचारलं, बाई, दाढ लय दुखती का? मी म्हटलं, नाही बाबा, मुलीसाठी शिकतेय. त्यांनी मान डोलावली, आणि पुढच्या खेपेला पुडीत बांधून लवंगा आणून दिल्या, दाताखाली धर म्हणाले. त्या लवंगा मी मसाल्यात घातल्या. सहा महिन्यांत माझा हात माझ्या तोंडाबरोबर धावायला लागला. माझं तोंड किती धावतं हे ड्रायव्हरला विचारा.

नवराही शिकला. तो अंबडच्या एका कारखान्यात फिटर आहे. त्याची करंगळी मशीनमध्ये अर्धी गेलेली, त्यामुळे त्याची काही अक्षरं अर्धवट दिसतात. मुलगी लहानपणी बाईंना म्हणाली होती, बाबा बोबडं बोलतात. त्याला हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की डोळे पुसावे लागले. तोवर आपली मुलगी कधी कुणाची अशी थट्टा करेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

कारण थट्टा करायला भाषा लागते, आणि ती तिला आली. आधी सहा-सात महिने ती नुसती बघत होती. मी पोळ्या लाटताना लाटणं खाली ठेवायचे, हात पुसायचे, बोलायचे, परत लाटणं घ्यायचे. एका जेवणाला दोन तास. सासूबाई म्हणायच्या, तिला काय कळतंय, आधी पोळ्या कर. मी म्हणायचे, पोळ्या तुम्ही करा. मग एक दिवस ती दारातून आत आली, स्वतःची इवलीशी बोटं हनुवटीला लावून म्हणाली, ‘आई, पाऊस का थांबला?’ आवाज जाडसर, ‘स’ अर्धा हवेत. पण ‘का’ होता! पाणी दे, भूक लागली, हे मुकाट बोट दाखवूनही सांगता येतं. पाऊस का थांबला हे बोट दाखवून कसं विचारणार? मी तिथेच मोठ्याने रडले. मग तिला ढगांबद्दल जे काही मला माहीत होतं ते सांगितलं. ते फार नव्हतं.

आमच्या विहारात रविवारी सकाळी वंदना असते. पाली शब्द, आम्हा मोठ्यांनाही अर्ध्यांचे अर्थ येत नाहीत, पण सूर धरून म्हणतो. ती चार वर्षांची असताना मी समोर उभी राहून हाताने त्रिसरण-पंचशील म्हणत गेले आणि ती माझ्याकडे बघत एकेक अक्षर उचलत गेली. या पद्धतीत अक्षरच दिसतं, त्यामुळे भाषा कुठलीही चालते. तिचा सूर नव्हता, पण एक शब्द चुकला नाही. पाठीमागच्या रांगेतल्या बाया आपलं म्हणायचं थांबवून तिचंच ऐकत राहिल्या. मला त्या दिवशी भलताच गर्व झाला आणि मी तो लपवला नाही.

आता कोणी म्हणेल, मग मुक्या-बहिऱ्यांची खुणांची भाषा का नाही शिकवली? ती पण ती शिकते आहे, तिच्या ऐकू न येणाऱ्या मैत्रिणींकडून, आणि त्या चौघी बोलायला लागल्या की मी अडाण्यासारखी बघत बसते. ती स्वतंत्र भाषा आहे, देखणी आहे. पण माझ्याजवळ द्यायला होती ती ही, माझ्या आईची, एसटीतली, चांदवडची. ती मी दिली.

मग महापालिकेची शाळा. पहिलीच्या वर्गशिक्षिका तरुण होत्या, उत्साही होत्या. दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे आठ दिवस येऊन त्या मुद्द्याचं तेवढं शिकल्या, आणि चौथीपर्यंत त्याच वर्गाला राहिल्या. वर्गातली पोरं तर बघून बघून आपोआप शिकली. तिसरीच्या चाचणीत अख्खा वर्ग गप्प आणि सगळ्यांचे हात गालाला, हे बघून त्यांना संशय आला. पोरं एकमेकांना हाताने उत्तरं सांगत होती. त्यांनी सगळ्यांना उभं केलं, आमचीला सगळ्यात आधी. मला शाळेत बोलावून तक्रार केली तेव्हा मी तोंड पाडून ऐकलं आणि बाहेर येऊन पेढे घेतले. कॉपी करणाऱ्यांच्या टोळीत माझी मुलगी होती, ती वर्गातलीच एक आहे याचा याहून सरळ पुरावा कोणता हवा?

इथपर्यंत सगळं मी बरोबर केलं. पुढचं तसं नाही, म्हणून लिहायला बसले.

बाईंनी पहिल्याच रविवारी एक नियम सांगितला होता. मूल समोर असताना घरात जे जे बोललं जाईल ते सगळं हाताने बोलायचं. तिच्याशी बोलताना तर बोलायचंच, पण तुम्ही नवऱ्याशी भांडलात, शेजारणीची चहाडी केलीत, तेही. ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर जग आपोआप पडत असतं. मोठी माणसं दुसऱ्या खोलीत काय बोलतात त्यातूनच ते शहाणं होतं. हिच्या डोळ्यांवर ते तुम्ही पाडलं नाही तर पडणार नाही, असं बाई म्हणाल्या. मी हो म्हटलं. भांडणं दाखवली, चहाड्या दाखवल्या. नवरा म्हणायचा, ताटावर तरी शांततेत भांडू दे.

पण एक मी दाखवलं नाही. तिच्याविषयीचं. कोणी तिच्यासमोर हळहळायला लागलं, ‘बिचारीचं पुढं कसं व्हायचं’ असं काही निघालं, की मी हात मांडीवर ठेवायचे. लग्नात, बारशात, दवाखान्यात. सगळ्यात जास्त माझी नणंद आली की. ताई मनाने वाईट नाहीत, पण त्यांच्या डोक्यात एकच बसलेलं, की मुलीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या बहिऱ्या मुलांच्या वसतिगृहाच्या शाळेत टाकावं. शाळा चांगली असेल. पण तिथे कुणाला आमची ही पद्धत येत नव्हती, आणि दहा वर्षांची पोर घरापासून चार तासांवर. ताई आल्या की हा विषय निघायचा, नवरा भिंतीकडे बघायचा, माझे हात खाली जायचे आणि मी नुसत्या तोंडाने, आवाज दाबून भांडायचे. मुलगी कोपऱ्यात वही रंगवत असायची. मला वाटायचं, बरं झालं, तिला काही कळलं नाही. यालाच मी माया समजत होते.

चौथी संपली. महापालिकेची शाळा तिथेच संपते. पुढे पाचवीला वर्गातली बरीच मुलं वसाहतीतल्या मोठ्या हायस्कुलात जाणार होती. नवऱ्याने माझ्याशी ठरवलं: हायस्कुलाने मनापासून घेतलं तर इथे, कुरकुर केली तर ताई म्हणतात तिथे. कायद्याने ते नाही म्हणू शकत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण नको असलेल्या पोराला एखादी शाळा कशी कोपऱ्यात बसवते, हेही मी बघितलेलं होतं, आणि नवऱ्याला तीच धास्ती होती. त्यामुळे मुख्याध्यापक मॅडम काय म्हणतात यावर आमची पोर घरी राहणार की जाणार हे ठरणार होतं. मुलीला मी एवढंच सांगितलं होतं, की नवी शाळा बघायला जायचंय.

मॅडमच्या टेबलासमोर मुलगी बसली. मी स्टूल ओढून मॅडमच्या शेजारी, तिच्याकडे तोंड करून बसले, म्हणजे मॅडम बोलतील ते मी लगेच हाताने म्हणणार. मॅडमची पाठ खिडकीकडे होती, चेहऱ्यावर अंधार. त्यांच्या ओठांवरून तिला काहीही मिळत नव्हतं, सगळी भिस्त माझ्यावर. सुरुवात झकास झाली. मॅडमनी धडा वाचायला दिला, तिने वाचला. भागाकार दिला, तिने केला. नाशिक जिल्ह्यातली धरणं विचारली, तिने सांगितली आणि वर विचारलं की तुमच्या शाळेच्या टाकीत गंगापूरचं पाणी येतं का. मॅडम हसल्या. मी मनातल्या मनात डबल बेल दिली.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या आणि आवाज उतरवून बोलू लागल्या. मुलगी हुशार आहे, यात शंका नाही. पण आमच्या वर्गात साठ-साठ मुलं असतात. विषयाला वेगळा शिक्षक. त्यांनी शिकवायचं की हात हलवत बसायचं? हिलाही त्रास होईल, आणि खरं सांगते, हिच्यामुळे बाकीच्या मुलांचं नुकसान होईल. तुम्ही तिच्यासारख्यांच्या शाळेचा विचार का करत नाही?

माझे हात मांडीवर आले होते. कधी आले ते मला कळलंही नाही.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. काय म्हणाल्या, विचारलं. मी हात उचलून म्हटलं, काही नाही, युनिफॉर्मचं सांगतायत.

मग तिने माझ्याकडे नाही, मॅडमकडे बघून, तिच्या त्या जाडसर आवाजात सावकाश सांगितलं, ‘आईचे हात खाली गेले की लोक माझ्याबद्दल बोलत असतात. वाईट असतं. घरी आत्या आली की पण.’

मला कानफटात बसल्यासारखं झालं. एवढी वर्षं मी जे लपवत होते ते मी स्वतः फलक लावून तिला दाखवत होते. काय बोलतात ते तिला कळत नव्हतं, पण बोलतात हे प्रत्येक वेळी कळत होतं, आणि उरलेलं ती बिचारी मनाने भरत असणार. माणूस मनाने भरतो ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं, हे मला चौतीस वर्षांच्या बाईला कळायला हवं होतं. लाज वाटली. मॅडमचीही मान खाली गेली.

‘परत बोला ना,’ ती मॅडमना म्हणाली. ‘आई सांगेल.’

मॅडमनी सुरुवात केली, पण शब्द मऊ करून. वर्ग मोठे असतात, तुला जड जाईल, असं काहीतरी. मी हात वर केला, मॅडमचं ते सगळं सांगितलं, आणि मग म्हटलं, ‘मघाशी मॅडम आणखी बोलल्या होत्या. तेही सांगते.’ मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. थांबा म्हणाल्या नाहीत. मी शब्दाला शब्द सांगितलं. हात हलवत बसायचं का, ते. बाकीच्या मुलांचं नुकसान होईल, ते. तिच्यासारख्यांची शाळा, ते. ‘नुकसान’चंही एक अक्षर अर्धवट सोडलं नाही.

मला वाटलं होतं ती रडेल. ती विचार करत होती. मग तिने बोटांवर मोजत आपल्या वर्गातल्या मुलांची नावं घेतली, एक, दोन, तीन, चौदापर्यंत. म्हणाली, ही सगळी याच शाळेत येणार आहेत, सगळ्यांना हाताने बोलता येतं, तुमच्या शिक्षकांना नाही आलं तर ती मला सांगतील, मी चौथीत त्यांना भागाकार सांगत होते. आणि कोणाचं नुकसान झालं ते त्यांना विचारा.

मॅडम उठल्या. मला वाटलं, झालं, आता नमस्कार करून बाहेर काढणार. त्यांनी आपली खुर्ची उचलली, टेबलाच्या या बाजूला आणली आणि खिडकीकडे तोंड करून मुलीसमोर बसल्या. उजेड आता त्यांच्या चेहऱ्यावर पडला. दिसतंय का, त्यांनी विचारलं. तिने मान डोलावली. त्या म्हणाल्या, ‘मी चुकीचं बोलले, आणि तुझ्यासमोर तुझ्या पाठीमागे बोलले. सोमवारी शाळा उघडते, ये. दोन शिक्षिकांना तुझ्या आईकडे शिकायला पाठवते, आणि तिसरी मी.’

हे मी पटापट सांगितलं. बोटं आता एकदम हलकी झाली होती. खरंच आल्या त्या तिघी, पुढचे पाच रविवार, आणि मॅडम अजूनही ‘ट’ आणि ‘ड’मध्ये गोंधळ घालतात. मुलगी सातवीत आहे. इतिहासाच्या सरांना काहीच जमत नाही, ते फळ्याकडे तोंड करून बोलतात. त्यांच्या तासाला बाकावरची शेजारीण सांगते. हे सगळं पुढचं झालं. पण त्या दिवशी मॅडमच्या खोलीतून आम्ही बाहेर पडलो तेव्हा माझ्यासाठी ते संपलं नव्हतं.

सायकल स्टँडच्या कट्ट्यावर ती बसली. मी म्हटलं, चल, बाबांना फोन करून सांगू. ती उठली नाही. म्हणाली, ‘अजून काय काय सांगितलं नाहीस?’

मी सांगायला बसले. भर दुपारचं ऊन, रिकामी शाळा, आणि मी हात वर धरून एकेक काढतेय. डॉक्टर पहिल्या दिवशी काय म्हणाले. ताई काय म्हणतात, वसतिगृह कुठे आहे, आज मॅडम नाही म्हणाल्या असत्या तर काय ठरलं होतं. सासूबाईंनी माझ्या माहेरच्यांना काय दोष दिला होता. ती मध्येच विचारायची, हे कधी, मी कुठे होते. मी सांगायचे. चेहरा कधी पडायचा, कधी तिला चक्क हसू यायचं. वसतिगृहाचं ऐकून तिने मला विचारलं, बाबा काय म्हणाले? मी म्हटलं, काही म्हणाले नाहीत. हेही खरं होतं, म्हणून सांगितलं.

मग एकच राहिलं. ते कोणी दुसऱ्याने म्हटलेलं नव्हतं. ती सहा वर्षांची असताना, तीन दिवसांच्या सलग ड्युटीनंतर मी घरी आले, तिचं कानाचं मशीन हरवलेलं, तिच्याशी बोलून बोलून माझा हात खांद्यापासून भरून आलेला, आणि स्वयंपाकघरात उभी राहून मी नवऱ्याला म्हणाले होते, ही झालीच नसती तर बरं झालं असतं. असं मी म्हणाले होते. माझ्या तोंडाने. कोणाला कधी सांगितलं नाही. तिला सांगू की नको यात माझा हात दोनदा वर गेला आणि दोनदा खाली आला. शेवटी सांगितलं. डोळ्यांतलं पाणी वाहत होतं, पण नाक पुसलं नाही, पुसताना ओठ झाकले गेले असते.

ती शांतपणे म्हणाली, ‘हे मला माहीत आहे.’

मी विचारलं, कसं?

‘मी दारात बसले होते. तेव्हा तुझा हात चालू होता.’

म्हणजे मी तेही तिला दाखवलं होतं. हात खाली ठेवायला भान लागतं, रागात ते राहिलं नव्हतं, आणि बोलायचं तर हात चालवायचा ही सवय इतकी हाडात मुरलेली की ते वाक्य अक्षर न् अक्षर तिच्यासमोर हवेत उभं केलं होतं. आणि चार वर्षं ती ते जवळ ठेवून माझ्याशी बोलत होती, भांडत होती, माझ्या कुशीत झोपत होती.

‘नंतर तू मोरीत जाऊन रडलीस,’ ती म्हणाली. ‘ते पण बघितलं. म्हणून मला कळलं, तू रागात बोललीस. मॅडमचं, आत्याचं नुसतं हात खाली. ते काय असतं ते कळत नाही, मग भीती वाटते.’

मी तिला छातीशी ओढून घ्यायला गेले. तिने माझी दोन्ही मनगटं धरली आणि मला हातभर लांब केलं.

‘मिठी मारली की तुझं तोंड दिसत नाही,’ ती म्हणाली. ‘आधी बोल.’